बरकतपुऱ्यातला हीटर

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. शेजारी एखादा हट्टी माणूस असावा, त्याने एक बिनकामाचं काम अंगावर घ्यावं, आणि आपल्याला रविवारी सकाळी दुसरा उद्योग नसावा, एवढं पुरतं. मग दीड-दोन वर्षांत इतके जमतात की लग्नाच्या पंगतीत लोक स्वतःहून म्हणतात, "मास्तर, तो हीटरचा सांगा की." मी विचारतो, कुठला? कारण हीटर एक आहे, किस्से सात-आठ आहेत, आणि त्यातले दोन-तीन वकीलसाहेब समोर असले की सांगता येत नाहीत.

हे सगळं आमच्या हैदराबादचं, नव्वदनंतरच्या त्या दोन-चार वर्षांतलं. परदेशी माल उघडपणे मिळायला लागला होता. गच्चीगच्चीवर डिश बसत होत्या. ज्यांना परवडत होतं ते कूलर काढून एसी लावत होते. आणि आमच्या बरकतपुऱ्यात दिगंबरराव वकील गाडीला हीटर बसवत होते. हैदराबादेत! जिथे स्वेटर पेटीतून बाहेर काढायचा तो ऊन दाखवून परत ठेवायला.

*

वकीलसाहेब माझे शेजारी, भिंतीला भिंत. मी कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. घराणं तीन पिढ्या वकिलीतलं. शिक्षण उर्दूतून झालेलं, घरात मराठी, अशिलांशी तेलुगू आणि गाडीशी इंग्रजी. गाडी जर्मन होती, पण ते म्हणत, तिला इंग्रजी समजतं.

साठच्या दशकात एक जर्मन इंजिनियर इथे कारखाना उभारायला आला होता. त्याच्या बंगल्याच्या भाडेकराराचं काम वकीलसाहेबांनी पाहिलं. मायदेशी जाताना त्याने आपली बसकी, दोन दरवाज्यांची, हिरवी स्पोर्ट्स कार त्यांनाच विकली. इंजिन मागे. रेडिएटर नाही, पाणी नाही. इंजिन थंड करायला पंख्याची हवा. आणि दोन सीटांच्या मधे एक तरफ, ती ओढली की पायापाशी गरम हवा येते, असं गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं.

त्या वर्षी डिसेंबरात वाईला सुमनकाकूंच्या आतेभावाचं लग्न होतं. सुमनकाकू म्हणजे वकीलसाहेबांची बायको. लग्न नवं, गाडी नवी. लग्न लावून पुढे महाबळेश्वर करायचं ठरलं. काकूंनी शाल घेतली तर ह्यांनी ती पेटीतून काढून ठेवली. म्हणाले, ओझं कशाला, आपल्या गाडीत हीटर आहे.

पहाटे घाट चढायला लागल्यावर काकू कुडकुडायला लागल्या. वकीलसाहेबांनी रुबाबात तरफ ओढली. पायापाशी बर्फासारखी हवा येत होती, ती तशीच येत राहिली. ते म्हणाले, इंजिन तापू दे, येईल. पाचगणी आली, तरी येईल. महाबळेश्वर आलं, तरी येईल! काकूंना जो ताप भरला तो चार दिवस उतरला नाही. परत येताना त्या एस्टीने वाठारला गेल्या आणि तिथून रेल्वेने हैदराबादला आल्या.

घरी येऊन त्यांनी एकच वाक्य सांगितलं. "ज्या दिवशी ह्यातून गरम हवा येईल त्या दिवशी मी ह्यात बसेन."

त्यानंतर सव्वीस वर्षं काकू त्या गाडीत बसल्या नाहीत.

*

ह्याचा परिणाम असा, की कुठलंही लग्न-मुंज असली की वकीलसाहेब गाडीने निघत आणि काकू त्यांच्या मागोमाग ऑटोने. भांडण नाही, अबोला नाही. दोघं एकाच फाटकातून हसत बाहेर पडत, ते गाडीत बसत, त्या ऑटोला हात करत. नवीन शेजारी पहिले सहा महिने परेशान असत. मग सवय होई.

एकदा जुलैच्या पावसात नारायणगुड्याच्या चौकात गाडी बंद पडली. वकीलसाहेब मागचं झाकण उघडून इंजिनावर छत्री धरून उभे. काकूंचा ऑटो येऊन शेजारी थांबला. काकूंनी पडदा बाजूला करून विचारलं, "हीटर झाला का?"

साहेब म्हणाले, गाडीच बंद पडली आहे.

"बरं. झाला की सांगा," म्हणून काकूंनी ऑटोवाल्याला चल म्हटलं. ऑटोत एक जागा रिकामी होती. पण ह्यांनी मागितली नाही आणि त्यांनी विचारली नाही. साहेब मुंजीला पोचले तेव्हा बटूची भिक्षावळसुद्धा झाली होती.

*

मग एवढी वर्षं काय केलं, असं लोक विचारतात. काय करणार? तेव्हा परदेशी खिळा आणायचा तर परवाना लागायचा, आणि हीटरसाठी परवाना मागायला दिल्लीला कोण जाणार? शिवाय वकीलसाहेबांची समजूत होती की एक केबल तुटली आहे, बस्स. कोर्टात जसं तारखेवर तारीख, तसं हे चाललं.

ते एकदम जागे झाले त्याला कारण घडलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा बरा होता, उजवा जात चालला होता. डॉक्टर म्हणाले, पुढच्या जूनपर्यंत दिवसाउजेडी, हळूहळू चालवा. जूनला लायसन्स संपतंय, ते पुन्हा काढू नका.

हे त्यांनी फक्त मला सांगितलं, आमच्या मधल्या भिंतीशी उभं राहून. काकूंना सांगायचं नाही, अशी माझ्याकडून शपथ घेतली. मग गाडीकडे बघून म्हणाले, "मास्तर, सव्वीस वर्षं शेजारची सीट रिकामी घेऊन फिरलो. आता एकदा तरी बसली पाहिजे."

मी आजवर त्यांची पुष्कळ चेष्टा केली आहे, पुढेही करणार आहे. पण त्या दिवशी केली नाही.

*

नल्लकुंट्यात याकूब उस्तादांचं गॅरेज होतं. उस्ताद वकीलसाहेबांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, मेंदी लावलेली दाढी, आणि गाडीखाली शिरायच्या आधी चष्मा काढून खिशात ठेवायची सवय. खाली शिरल्यावर म्हणायचे, दिसत नाही.

गाडी वर चढवली. उस्ताद खाली गेले. अर्धा तास नुसता ठोकण्याचा आवाज. मी आणि वकीलसाहेब स्टुलांवर बसून चहा पीत होतो. उस्ताद सरपटत बाहेर आले, हात पुसले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "साब, हीटर खराब नै है."

वकीलसाहेबांचा चेहरा फुलला.

"हीटरीच नै है."

झालं होतं असं. अशा गाडीत इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, धुराच्या तापलेल्या नळ्यांभोवती पत्र्याच्या पेट्या असतात. पंख्याची हवा त्या पेट्यांतून जाते, तापते आणि दरवाज्याखालच्या बोगद्यातून पायापाशी येते. चुलीशी फुंकर मारली की हात शेकतात, तेवढंच शास्त्र. पण जर्मन साहेब इथे आला, त्याने हैदराबादचा एक मे महिना काढला आणि दोन्ही पेट्या काढून फेकून दिल्या. शहाणा माणूस! तरफ मात्र तशीच राहिली. म्हणजे महाबळेश्वरच्या घाटात वकीलसाहेब जी तरफ ओढत होते ती कशालाच जोडलेली नव्हती.

"सव्वीस साल," उस्ताद म्हणाले, "आप खाली हवा खींच रए थे."

ही गोष्ट काकूंना सांगायची नाही, अशी दुसरी शपथ मला त्याच दुपारी घ्यावी लागली.

*

हिमायतनगरात तेव्हा नव्याने फॅक्सचं दुकान निघालं होतं. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या जर्मनीतल्या एका दुकानाचा नंबर वकीलसाहेबांनी कुठून तरी मिळवला आणि फॅक्स लिहिला. आता ज्या माणसाने चाळीस वर्षं दावे लिहिले तो साधं पत्र कसं लिहिणार? सुरुवात जर्मन साहेबाच्या बंगल्यापासून, मग मालकी हक्क, मग तक्रारीचं कारण कधी आणि कुठे घडलं (महाबळेश्वरचा घाट, पहाटेचे पाच), आणि शेवटी नम्र प्रार्थना की दोन पेट्या द्याव्यात आणि न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटेल ती इतर दादही द्यावी. पाच पानं!

दोन दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं. कृपया शहराचं नाव पुन्हा कळवा.

साहेबांनी कळवलं. पुन्हा उत्तर आलं. त्या माणसाने बहुधा नकाशा काढून पाहिला असावा. अगदी सभ्यपणे लिहिलं होतं की आपल्याला थंड हवा हवी असल्यास ह्या गाडीसाठी तशी सोय आमच्याकडे नाही.

हा अपमान होता. वकीलसाहेबांनी स्टँप पेपर आणला, नोटरीकडे गेले आणि प्रतिज्ञापत्र केलं. मी, दिगंबर वल्द रामचंद्र, सज्ञान, शुद्धीवर, राहणार बरकतपुरा, शपथेवर सांगतो की मला गरम हवाच पाहिजे. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यातली एक माझी. आयुष्यात मी सरकारी कागदावर खूप काही लिहून दिलं आहे, पण एवढं खरं कधी नाही.

माल आला तेव्हा खोक्यात त्या दुकानदाराची एक चिठ्ठी होती. प्रतिज्ञापत्र आम्ही दुकानात फ्रेम करून लावलं आहे.

*

माल आला म्हणजे विमानतळावर आला. हातात यायला तीन आठवडे लागले, कारण तिथल्या कस्टम्सच्या साहेबांना हे नेमकं काय आहे ते नोंदवहीत लिहिता येईना. तरुण माणूस, उत्तरेकडचा, कर्तव्यदक्ष. त्याने दोन्ही पेट्या टेबलावर ठेवून विचारलं, ह्याचं काम काय?

वकीलसाहेब म्हणाले, गाडी आतून गरम करणे.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर उन्हात टॅक्स्या उभ्या होत्या आणि स्टिअरिंगला हात लागू नये म्हणून ड्रायव्हरांनी त्यावर ओले टॉवेल टाकले होते. तो म्हणाला, वो तो फुकट में हो रही है.

पहिल्या खेपेला पुस्तक दाखवलं. दुसऱ्या खेपेला चित्र काढून दाखवलं. तिसऱ्या खेपेला वकीलसाहेबांनी दीड तास युक्तिवाद केला, काळा कोट घालून. तो माणूस हलेना. शेवटी दमून साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी खरी गोष्ट सांगितली. शाल, घाट, ताप, एस्टी, ऑटो, सगळं.

त्या साहेबाने पेन खाली ठेवलं. मग शिक्का उचलला आणि मारला.

"मेरी मिसेस भी ऐसीच है," तो म्हणाला. इथल्या तीन वर्षांत हैदराबादेने त्याची भाषासुद्धा बिघडवली होती.

*

पेट्या बसवायच्या आधी दरवाज्याखालचे बोगदे साफ करायचे होते. उस्तादांनी लांब तार घालून ओढली तर आतून उंदरांनी केलेली गादीच बाहेर आली. कापूस, अक्षता, चिंचोके आणि कागदाच्या बारीक चिंध्या. वकीलसाहेबांनी एक चिंधी उचलून डाव्या डोळ्याजवळ नेली आणि एकदम उभे राहिले. त्यांचंच अक्षर होतं.

वीस वर्षांपूर्वी दोन भावांचा विहिरीवरून दावा होता. विहिरीचा नकाशा ऐन सुनावणीच्या दिवशी सापडला नाही, आणि साहेब हरले. आयुष्यात एवढी एकच केस त्यांना खात होती. तो नकाशा ह्या बोगद्यात होता. उंदरांनी विहीर खाल्ली होती, पण उत्तरेची हद्द शाबूत होती.

त्यांनी गॅरेजातूनच विरुद्ध बाजूच्या वकिलांना फोन लावला. ते ऐंशीला टेकलेले, कानाने जड, कामातून निवृत्त. साहेब ओरडून म्हणाले की नकाशा सापडला, उत्तरेची हद्द मी म्हणत होतो तीच आहे.

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "अपिलाची मुदत संपली," आणि फोन ठेवला गेला.

*

मार्चमध्ये पेट्या बसल्या. आता हवा कुठे गळते आहे का, ते पाहायचं होतं. कंपनीत त्यासाठी यंत्र असतं म्हणे. उस्तादांकडे लोबान होता. मातीच्या धुपाटण्यात निखारे घालून त्यावर लोबान टाकला, धुपाटणं इंजिनाच्या पंख्यापाशी धरलं आणि वकीलसाहेबांना सांगितलं, चालू करा. जिथून धूर निघेल तिथे गळती.

धूर सगळीकडून निघाला. दरवाज्याखालून, काचेखालून, डॅशबोर्डच्या फटीतून, घड्याळाच्या मागून. साऱ्या गल्लीत सुगंध. वकीलसाहेब आत ढगात बसलेले, नुसती चष्म्याची काडी दिसत होती.

त्यात वार गुरुवार, दर्ग्यात जाऊन लोबानाचा धूर घ्यायचा दिवस. रस्त्याने जाणारी एक म्हातारी थांबली. कडेवरच्या नातीला खोकला होता. तिने काही न विचारता नातीला गाडीच्या दारापाशी नेऊन धुरातून तीनदा फिरवलं, डोक्यावर पदर घेतला आणि निघून गेली. मागोमाग आणखी दोघी आल्या. मी उस्तादांना म्हटलं, सांगा त्यांना, हा हीटर आहे. उस्ताद म्हणाले, "मास्टर साब, धुआँ तो धुआँइच है. किसीकू आराम होता तो होने दो."

पुढचे दोन महिने दर गुरुवारी कोणी ना कोणी गॅरेजात येऊन विचारी, वो धुएँवाली मोटर किधर है? उस्ताद खेदाने सांगत, कोर्टात गेली.

*

ती खरोखरच कोर्टात जात होती, आणि तोही एक किस्साच आहे.

गळत्या बुजवल्या. गरम हवा यायला लागली. पण एप्रिलमध्ये गरम हवेची झडप उघडी अडकली, म्हणजे हीटर बंदच होईना. उस्तादांनी छोटी स्प्रिंग मागवली, ती यायला तीन आठवडे लागणार होते. तोवर गाडी घरी ठेवा म्हटलं तर वकीलसाहेब ऐकेनात. डोळ्यासमोर जून होता. एकेक दिवस मोजून चालवत होते.

काळा कोट, गळ्याला पांढरे बँड, बाहेर चाळीसच्या वर पारा, आणि पायापाशी भट्टी. पहिल्या दिवशी ते कोर्टात उभे राहिले तेव्हा चेहरा टोमॅटोसारखा आणि कागदांवर घामाचे थेंब. न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि घाबरून म्हणाले, वकीलसाहेब, तुम्ही आधी बसा, पाणी घ्या, पुढची तारीख घ्या. साहेब नको नको म्हणत होते. तारीख मिळाली!

ही बातमी बाररूममध्ये पसरायला किती वेळ लागणार? दुसऱ्या आठवड्यापासून ज्या वकिलाची तयारी झालेली नसे तो सकाळी साडेनऊला आमच्या फाटकाशी उभा. साहेब, कोर्टापर्यंत सोडता का? त्या महिन्यात हिरव्या गाडीतून उतरलेल्या एकाही वकिलाला तारीख नाकारली गेली नाही.

*

मेच्या मध्यावर स्प्रिंग आली. झडप उघडायला लागली, बंदही व्हायला लागली. आता काकूंना बोलवायचं. पण उस्ताद आडवे आले. म्हणाले, ह्या हवेत सायलेन्सरचा धूर मिसळला तर वास येत नाही, काही येत नाही, माणूस बसल्या जागी झोपतो तो कायमचा. आधी मी बसणार. आपाकू बाद में बिठाना.

काचा बंद, हीटर पूर्ण उघडा, दुपारचे बारा, आणि याकूब उस्ताद एक तास गाडीत. आम्ही बाहेरून दर पाच मिनिटांनी काचेवर टकटक करायचं, त्यांनी आतून बोट वर करायचं, असं ठरलं होतं. चाळिसाव्या मिनिटाला बोट अर्धंच वर झालं. साहेबांनी दार उघडलं तर उस्तादांनी हाताने बंद करायला लावलं. तास पूर्ण केला.

बाहेर येऊन सहा तांबे पाणी प्यायले. दाढीची मेंदी कुर्त्यावर उतरली होती. म्हणाले, "गाडी में कुछ नुक्स नै है. मगर जो ये गाडी में हीटर लगाया ना, उसमें है."

*

आता शेवटचा.

हीटर तयार झाला हे काकूंना तोंडी सांगण्याचं धाडस वकीलसाहेबांना होईना. चाळीस वर्षं कोर्टात गर्जना केलेला माणूस! त्यांनी रीतसर नोटीस काढली आणि रजिस्टर पोस्टाने स्वतःच्याच घरी पाठवली. अमुक दिवशी आपण केलेल्या विधानातील अट आज रोजी पूर्ण झालेली असून, आपण सदर वाहनात बसावे ही विनंती. पोस्टमनने काकूंची सही घेतली. साहेब आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसले होते.

काकूंनी नोटीस वाचली आणि मला भिंतीवरून हाक मारली. "अरविंद, ह्यांना सांग, आता मे महिना आहे. हीटर मेमध्ये कोण बघतं? थंडी पडली की बघू."

बोलणं चुकीचं नव्हतं. थंडीत बघण्याचीच ती वस्तू. पण थंडीत साहेबांकडे लायसन्स असणार नव्हतं, आणि मी दोन-दोन शपथांनी बांधलेला. मी आत जाऊन निरोप सांगितला. साहेबांनी पेपर खाली ठेवला, बरं म्हणाले, आणि गाडीवर कापडी आच्छादन घालायला बाहेर गेले. ते टोकं बांधत होते ते मला बघवेना. मी उगाच घरात जाऊन बायकोवर चिडलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी अकरा वाजता काकू फाटकापाशी आल्या. अंगात पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर, वरून शाल, पायात मोजे. मी आणि उस्ताद ओसरीवर चहा पीत बसलो होतो. माझा कप तसाच हातात राहिला. काकूंनी गाडीवरचं आच्छादन स्वतः ओढून काढलं, दार उघडलं आणि आत बसल्या. मग आतूनच म्हणाल्या, "चला."

साहेब धोतर-बंडीवर होते, तसेच धावत आले. काकूंना कोणी काय सांगितलं, की डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या हाती लागली, मला आजवर कळलेलं नाही. मी सांगितलं नाही, उस्तादांना माहीत नव्हतं.

गाडी निघाली. वाटेत बंद पडली तर म्हणून मी स्कूटर काढली, उस्ताद मागे बसले. डोक्यावर ऊन आग ओतत होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पुढे हिरवी गाडी सायकलच्या वेगाने चाललेली, दोन्ही काचा घट्ट वर, आणि मागच्या काचेतून दोन पांढरी डोकी. नारायणगुड्यापर्यंत कोणी काच खाली केली नाही. उस्ताद माझ्या कानात सारखे म्हणत होते, "बस करो साब, बंद करो, मरते दोनों."

हिमायतनगरच्या सिग्नलला गाडी थांबली. आम्ही अगदी मागे थांबलो. छत्रीखालचा ट्रॅफिक कॉन्स्टेबल गाडीत डोकावला आणि दचकला. घामाने निथळणारे म्हातारे गृहस्थ, बंडी अंगाला चिकटलेली, आणि शेजारी शालीत गुंडाळलेल्या म्हातारबाई, कपाळावरचं कुंकू ओघळून नाकावर आलेलं. त्याला वाटलं, काहीतरी भयंकर झालं आहे. त्याने काचेवर जोरात थापा मारल्या.

वकीलसाहेबांनी काच खाली केली. मेच्या उन्हाचा वारा, ज्याला आम्ही लोक तोंडावर ओला रुमाल बांधून तोंड देतो तो, सरळ आत शिरला.

काकूंनी शाल गळ्याशी घट्ट ओढून घेतली. त्यांचा आवाज आम्हाला मागे स्कूटरवर स्पष्ट ऐकू आला.

"काच वर घ्या हो. गार लागतंय मला."

साहेबांनी काच वर घेतली.